कॉम्प्युटरात बसलेला पाहुणा

आमच्या कॉलनीत भूत नाही, हे मी सगळ्या बायकांना जमवून सांगितलं होतं. आणि ते खरंच नव्हतं. जे होतं, ते पुढे सांगते.

त्याचं काय झालं, शेजारच्या पारूबाईंच्या पत्र्यावर भरदुपारी दगड पडायचे. पारूबाई पाथर्डीकडच्या. "ताई, भानामती हाय ही," म्हणून माझ्याकडे रडत आल्या. मी काठी घेऊन गेले आणि चिंचेवरची माकडं दाखवली. झालं! बुद्धविहारात आमच्या महिला मंडळानं माझं भाषणच ठेवलं. चौथी शिकलेली बाई मी, बाकीचं सगळं घरी वाचून वाचून शिकले. पण त्या दिवशी असा काही आवाज लागला! "बायांनो, जे दिसत नाही, ते नसतं!" टाळ्याच टाळ्या.

ते वाक्य लक्षात ठेवा. मला अजून कुणी विसरू देत नाही.

माझी लेक सुनंदा तेव्हा मस्कतला नर्स होती. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि आम्ही इकडे नगरला. फोन परवडायचा नाही, म्हणून जावयांनी आम्हाला कॉम्प्युटर घेऊन दिला. नव्व्याण्णव साल ते. वसाहतीत पहिलाच! मी त्याला क्रोशाचा रुमाल विणला. फोनची वायर त्याला लावली की आधी तो मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा ओरडायचा, मग गप्प व्हायचा, आणि मस्कतची चिठ्ठी समोर! मी हात जोडायचेच बाकी होते. सुनंदा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, मीही एका बोटानं तसंच टाइप करायला शिकले.

चिठ्ठ्यांच्या पेटीला पासवर्ड होता. एकदा मशीननंच विचारलं, पासवर्ड लक्षात ठेवू का? मी म्हटलं, किती गुणाचं ग बाई! ह्या घरात कुणीतरी काहीतरी लक्षात ठेवायला तयार झालं! (आमच्या ह्यांना गॅसचा नंबर लावायचं लक्षात राहत नाही. फॅक्टरीत जन्मभर फिटर होते, तिथले सगळे नटबोल्ट तोंडपाठ.) दाबलं 'हो'.

मग एके दिवशी भलत्याच कुणाची चिठ्ठी आली. तिच्यात एक खेळ होता, फुकट. बिळातून उंदीर डोकं काढतो, आपण त्याला हातोडी घालायची. आता आमच्या मागच्या खोलीत बाजरीच्या पोत्यांपायी उंदरांनी उच्छाद मांडलेला. त्यांतला एकही मला आजवर सापडला नव्हता. इथे मात्र धपाधप! सकाळचं पिठलं करपलं तरी मी हातोडी सोडेना.

"खरे उंदीर मारायला सांगितलं की हिची कंबर दुखते," हे म्हणाले.

"खरे उंदीर असे ओळीनं डोकं काढतात का?" मी म्हटलं.

आठवडाभरात मशीन चळलं. मी माउसला हातही लावलेला नसताना पडद्यावरचा बाण आपला आपण फिरायला लागला! मी डावं बटण दाबावं तर उजव्याचं काम व्हावं. आणि नेमक्या पारूबाई विरजण मागायला आल्या असताना सीडी ठेवायची ती ताटली खटकन बाहेर आली. आत गेली. पुन्हा बाहेर आली.

पारूबाईंच्या हातातली वाटी पडली. "आवं ताई, जीभ भाईर काढली की ह्यानं!"

"जीभ नाही ती. सीडीची ताटली आहे."

"मंग काढतंय कोन? तुमी तर हितं उभ्या."

"मशीन आहे, पारूबाई. गरम झालं असेल."

"गरम झाल्यावं जीभ कुत्रं काढतंय! माजं ऐका, आत कोनतरी बसलंया."

मी त्यांना माकडांची आठवण करून दिली आणि विरजण देऊन वाटेला लावलं. मग दार लावून ह्यांना म्हटलं, "अहो, मागून तरी बघा हो जरा." ह्यांनी टॉर्च घेऊन मागून बघितलं, खालून बघितलं, एक स्क्रू आवळला. ताटली पुन्हा बाहेर आली आणि ह्यांच्या कपाळावर बसली.

इथवर हसण्यावारी होतं. पण सुनंदाची तारीख आली, मी पेटी उघडायला गेले, तर 'पासवर्ड चुकीचा'! मी मशीनला म्हटलं, अहो, तुम्हीच लक्षात ठेवला होतात ना? पुन्हा टाकला. चुकीचा. ह्यांनी टाकला. चुकीचा. दिवसभर आम्ही नेट लावतोय, पासवर्ड टाकतोय, फोनची लाइन त्यातच अडकलेली, आणि तिकडे जावई बिचारे फोन करकरून थकले हे आम्हाला कुठून कळणार! पहिली खेप, परका मुलूख, जवळ आई नाही. आणि लेकीची खबर आपल्याच घरात, आपल्याच पेटीत, बंद.

तेवढ्यात पडद्यावर एक चौकट उघडली. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी: 'नमस्कार काकू.'

हे खुर्चीवरून उठून उभे राहिले. (साहेब आल्यावर उठायची सवय!)

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. दिसत तर कुणीच नव्हतं. आणि 'काकू' म्हणत होतं! चौकटीत खाली उत्तर लिहायला जागा होती. हे म्हणाले, "लिहू नकोस, कोण कुठलं." पण मला भीतीपेक्षा लेक जवळची. एका बोटानं टिचून टिचून लिहिलं: 'बाबा, तू जो कोण असशील तो अस. माझी लेक बाळंत व्हायची आहे. पेटी उघडत नाही. तुला काही करता येतं का? जेवलास का?'

("जेवलास का" कशाला, म्हणून हे आजही विचारतात. अहो, दारात आलेल्याला विचारतोच की आपण!)

मग चौकट उघडली. 'काकू, पेटी मीच बंद केली होती. चुकलं. तुमच्या जावयाची चिठ्ठी आली आहे. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. पासवर्ड पहिल्यासारखा केला. तो उंदराचा खेळ काढून टाका.'

माझ्या नातीची पहिली खबर मला चोरानं दिली! मी रडायला लागले, हे रडायला लागले. पेटी उघडली, तर खरंच चिठ्ठी. कोण, कुठला, किती कोसांवर बसलेला माणूस. आणि माझ्या बैठकीच्या खोलीत येऊन बारशाचं आवतण द्यावं तसं सांगून गेला!

आमच्याकडे मुलाचे पेढे आणि मुलीची बर्फी असला भेद नाही. ह्यांनी धावत जाऊन पेढे आणले. तेवढ्यात सीडीची ताटली अलगद बाहेर आली आणि थांबली. आता तुम्हीच सांगा, गोड बातमी आणणाऱ्यानं ताट पुढे केल्यावर काय करायचं? मी पेढा ठेवला.

ताटली आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली, तर रिकामी!

"खाल्ला!" हे म्हणाले.

पुढे मशीन घरघरायला लागलं, म्हणून कॉम्प्युटर क्लासच्या शेखसरांना बोलावलं. सरांनी नीट समजावलं. त्या खेळाच्या पोटात दुसरा एक प्रोग्रॅम लपून आला होता. मी उंदीर मारत असताना तो मागचं दार उघडून बसला. नेट लावलं की बाहेरचा माणूस त्या दारानं आत यायचा, बाण फिरवायचा, ताटली काढायचा, आणि मशीनला लक्षात ठेवायला दिलेले पासवर्ड घेऊन जायचा.

"म्हंजी आत कोनतरी बसलं हुतंच!" पारूबाई दारातूनच ओरडल्या. (त्यांना कुणी बोलावलं होतं, देव जाणे!)

"एका अर्थी, हो," सर म्हणाले.

मग त्यांनी सीडीचा डबा उघडला आणि मुंग्यांची रांगच्या रांग बाहेर पडली. चिमट्यानं त्यांनी काहीतरी चिकट ओढून काढलं. "काकू, हे काय आहे?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पंख्याकडे बघत होते.

"निवद हाय त्यो," पारूबाई म्हणाल्या. "ताईंनी दावला आसंल."

पुढच्या महिन्यात विहारात माझं पुन्हा भाषण होतं. विषय ठरलेला, अंधश्रद्धा. मी माइकसमोर उभी राहिले, तर पहिल्याच रांगेत पारूबाई, मांडीवर पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्याकडे बघत बसलेल्या.

मी उन्हाळी पापडांवर बोलले. सगळ्यांना फार आवडलं.