तळहाताखालचं नाव

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने मला फसवलं. ते मला दाखवलं आमच्या कापडाच्या गाळ्यात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या, दिघाशी गावच्या एका शांत माणसाने.

स्क्रीनवर तो ठिपके आणि रेषा काढायचा. मग नावांवर तळहात ठेवून म्हणायचा, "शेट, नाव झाका, शेजार बघा."

ठिपका म्हणजे माणूस: लूमवाला, डाईंगवाला, दलाल. रेषा म्हणजे माल कुणाकडून कुणाकडे गेला. कोण कुणाला जोडलेला आहे, यावरून कॉम्प्युटर प्रत्येक ठिपक्याची ओळख शिकतो आणि आकड्यांत मांडतो. मग दोन धंद्यांची जाळी शेजारी ठेवायची. आकडे जुळले, की ते दोघे आपापल्या जाळ्यात एकाच जागेवर.

"ही जादू कुणाला विकतोस?" मी विचारलं. तुम्हीही विचारलं असतं. भिवंडीत कोण कुणाचा?

"कुनाला इकू शेट? चाय तुमची पितो."

तरी संध्याकाळी मी त्याची पिशवी तपासायचो. तो स्वतःच डबा उघडून धरायचा. "भाकरीपन उलटून बघा."

मग बायपासजवळ नवा धंदा उभा राहिला. माझे लूमवाले एकेक करून माझं काम नाकारू लागले; सबब एकच, "कारीगर मुलुक गये, शेट." दोन्हीकडचा माल वाहणाऱ्या टेम्पोवाल्याकडून मी तिकडच्या फेऱ्यांचा हिशोब काढला. त्याने नावं खोडून नुसते नंबर दिले होते. आमच्या माणसाने ते जाळं माझ्या जाळ्याशेजारी ठेवलं. ठिपक्याला ठिपका जुळत गेला.

"त्यांच्या जाळ्याच्या मधोमधच्या ठिपक्याशी आपल्यातला कोण जुळतो? मीच असणार!"

त्याचा तळहात नावावरून हलेना.

"हात काढ!"

"जुळतो म्हंजे तोच, असा न्हाय शेट. आधी जाऊन बघा."

मी त्याचा हात झटकला. खाली भावाचं नाव. माझ्या वतीने लूमवाल्यांकडे तोच फिरायचा.

बायपासला गेलो. तिथल्या प्रत्येक गठ्ठ्याला डाव्या हाताची दुहेरी गाठ होती. आम्ही दोघे एकाच कारखान्यात लूम चालवायचो, तेव्हा मी एकट्या भावालाच ती शिकवली होती.

जाब विचारला तेव्हा भाऊ म्हणाला, "दादा, मशीनचं काय ऐकतोस? त्या माणसालाच कुणीतरी फोडलाय."

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरसमोरची खुर्ची रिकामी. फोन बंद. दिघाशीला त्याच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "तुमचा भाऊस आल्ता. मंग यांनी बिऱ्हाड हलवला."

भाऊ, कापडाचं नंतर बघू. तू त्याला काय बोललास, ते आधी सांग. माझ्या गाळ्यात ये, त्याच्या खुर्चीसमोर उभा राहा, आणि चार माणसांदेखत सांग.