जावयाचा पंप

आमच्याकडं जावई सासऱ्यासमोर सिगारेट ओढत नाही. सासऱ्याला माहीत असतं, सासूला माहीत असतं, गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत असतं. पण सासऱ्याच्या डोळ्यांदेखत धूर निघाला नाही, म्हणजे जावई निर्व्यसनी. शहाण्या सासऱ्यानंही एक पथ्य पाळायचं असतं. जावई बसलेल्या खोलीच्या दाराशी येऊन आधी खाकरायचं. मग आत सिगारेट विझते, खिडकी उघडते, पंखा फिरतो, आणि सासरेबुवा आत येऊन तुरीच्या भावाबद्दल बोलतात. दोघांचीही अब्रू शाबूत.

माझे वडील, अप्पा, यांना हे पथ्य मान्य नव्हतं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि घरात तंबाखूचा कणही चालायचा नाही. "माझ्या घरात मी कशाला खाकरू?" असा त्यांचा सवाल. नांदेडच्या आमच्या घरात ते मांजरासारखे यायचे. चपलेचा आवाज नाही, काही नाही. वळून बघावं तर मागं उभे.

त्यामुळं दाजी, म्हणजे माझ्या अक्काचा नवरा, सासुरवाडीला आला की त्याचे हाल व्हायचे. उदगिरात त्याचं धान्याच्या आडतीचं दुकान. तिथं पोत्यांवर बसून सकाळपासून एकीवर एक सिगारेट. इथं मात्र जेवणानंतर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागं एखादी मिळाली तर मिळाली. पहारा माझा. अप्पांचं डोकं जिन्यात दिसलं की मी खालच्या पट्टीत शंभो शंकरा हे भजन सुरू करायचो. माझा आवाज असा की दाजी सिगारेट टाकून कान झाकायचा. पण एक खरं, सासुरवाडीच्या दोन दिवसांत त्याचा खोकला निम्मा व्हायचा. अक्का म्हणायची, "ह्येंना हितंच ठिवून घ्या की."

मग ते यंत्र आलं. विक्रीला बंदी असलेली वस्तू. हैदराबादेत कुणी घेतली, देगलूरमार्गे कुणी आणली, ते दाजीनं कधी सांगितलं नाही. बोटाएवढी चपटी निळी नळी. तोंडाला लावून ओढायची, टोकाला दिवा लागतो, आणि नाकातून हापूस आंबा बाहेर पडतो. टाकीमागं उभं राहून दाजीनं मला तिचं प्रात्यक्षिक दाखवलं, अगदी जत्रेतल्या विक्रेत्यासारखं.

"सिगारेटीत काय व्हतंय? तंबाखू जळतंय. राख व्हती, डांबर व्हतंय. ह्यात जळून राहिलंय का कायी?"

"न्हाई दिसत."

"मग फुप्पुस काळं कशानं व्हईल? ह्यो धूर न्हाई बाबा, वाफ हाय. सर्दीला घेतो तसली."

"सर्दीला आपण दिवसभर घेत न्हाई, दाजी."

"तू लई हुशार. म्हणून तर मास्तर झालास."

खरं सांगायचं तर मलाही पटलं होतं. सिगारेट त्यानं खरोखर सोडली होती. बोटांचा पिवळेपणा गेला, शर्टाचा वास गेला, अक्का हरखून गेली. पण माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. सिगारेटला शेवट असतो. बोट भाजलं की ती टाकावीच लागते. ह्या नळीला शेवटच नव्हता. टाकीमागं जायचं कारण उरलं नव्हतं, मला गायचं कारण उरलं नव्हतं. दाजी बैठकीत, न्हाणीत, पांघरुणात, अप्पांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, तोंडावर रुमाल धरून ओढायचा. सासुरवाडीच्या त्या दोन दिवसांच्या उपासानं त्याच्या छातीला जी उसंत मिळायची, तीही गेली.

खोकला परत आला, आणि येताना धाप घेऊन आला. आडतीचा जिना चढताना मधेच पोत्यावर बसायची वेळ आली, तेव्हा अक्कानं त्याला लातूरला छातीच्या डॉक्टरांकडं न्यायचं ठरवलं. आम्हा सगळ्यांपुढं प्रश्न एकच होता: ह्याचा श्वास कशानं संपत चाललाय, आणि राहिलेला वाचतो का?

हे ऐकून अप्पा म्हणाले, "जावईबापूंसोबत मी येतो." प्रेमापोटी म्हणाले. कुणी नको म्हणायचं? मी कपाळाला हात लावला, आणि लोहा-अहमदपूरच्या रस्त्यानं आम्ही बापलेक एसटीनं लातूरला पोचलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि घाईत होत्या. दाजी स्टुलावर, शेजारी खुर्चीत अप्पा, मागं भिंतीला टेकून अक्का आणि मी.

"बिडी, सिगारेट?"

दाजीनं सासऱ्याकडं बघितलं. "न्हाई ओ."

"कधीच नाही?"

"छे छे," अप्पाच म्हणाले. "सुपारी खात न्हाईत."

आता मी अप्पांच्या पाठीमागून माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम मूकाभिनय केला. दोन बोटं ओठांना लावली, गाल आत ओढले, दाजीकडं भुवई उडवली, आणि छतापर्यंत धूर सोडला. डॉक्टरीणबाईंनी लेखणी थांबवून माझ्याकडं बघितलं.

"तुम्हाला ओढायचीय का? मग बाहेर जा. इथं पेशंट आहेत."

अप्पांनी वळून माझ्याकडं असं बघितलं की मी बाहेर गेलो. बाकावर बसून राहिलो. तपासणीला वेळ लागला. मशीनच्या नळीत फुंकायला लावलं, छातीचा फोटो काढला. दम्यासारखं काहीतरी आहे, असं ठरलं आणि दाजीला एक पंप मिळाला. नाक्यावर उसाचा रस पिताना मी त्याला गाठलं.

"खोटं कशाला बोललात?"

"खोटं? तिनं बिडी-सिगारेट इचारलं. मी वढतो का? न्हाई. आन् अप्पा बसलेत बाजूला. सोडलेल्या सिगारेटीचा पाढा त्येंच्यासमोर वाचू काय?"

दिवाळीला दाजी-अक्का नांदेडला आले. दुपारची वेळ. दाजी खिडकीशी बसून नळी ओढत होता आणि मागं अप्पा येऊन उभे. मी दारातून बघितलं. दाजीचा चेहरा पांढरा, नाकातून आंबा चाललेला, नळी खिशात घालावी तर दिवा पेटलेला. संपलं सगळं, असं मला वाटलं.

अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घ्या की. औषधाला कसली लाज?"

त्यांना तो पंप वाटला होता. छातीला मिळालेलं यंत्र, तोंडाला लावून ओढायचं. त्यांनी दुसरं काय समजावं?

त्या दिवसापासून दाजी आला की आमच्या घरी जे चालायचं त्याला मी आजही हसतो, आणि हसून झालं की माझ्या तोंडाला कडू चव येते. दाजी खोकला की अप्पा म्हणायचे, "पंप घेतला का?" नळी दुसऱ्या खोलीत राहिली तर स्वतः उठून आणून द्यायचे, धोतराच्या सोग्यानं पुसून. शेजाऱ्यांना सांगायचे, "आता औषधंबी आंब्याच्या वासाची निघालीत. आमच्या वक्ताला कडू काढा." अक्कानं एकदा ती नळी लपवली, तर ते लेकीवर गरजले, "नवऱ्याचा जीव घेतीस का?" अक्का स्वयंपाकघरात जाऊन रडली, पण वडिलांना सांगू शकली नाही. मी सांगू शकलो नाही. आणि डॉक्टरनं दिलेला खरा पंप उदगिरात कपाटाच्या खणात, न उघडलेल्या खोक्यासकट पडून होता.

उन्हाळ्यात पुन्हा लातूर. दाजीला आता बोलतानाही मधेच थांबावं लागत होतं. डॉक्टरीणबाई गोंधळल्या होत्या. फोनवरून त्या औषध वाढवत गेल्या होत्या, आणि काहीच फरक नव्हता.

"पंप नक्की घेताय ना?"

"घेतात तर!" अप्पा तडकले. आमच्या माणसावर संशय! "मी सोता देतो की." आणि त्यांनी हात घालून जावयाच्या खिशातून ती निळी नळी काढली आणि टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी ती उचलली, हुंगली. खोलीत हापूस पसरला.

"आजोबा, हा पंप नाही. ही सिगारेटच आहे, विजेची."

दाजी जमिनीकडं बघत म्हणाला, "वाफ हाय, म्याडम. सिगारेटीपेक्षा बरी म्हणून..."

"सिगारेटीपेक्षा बरी असेलही. जळता तंबाखू फार वाईट, त्याहून हिच्यात विष कमी असेल. पण तुम्ही तिची तुलना सिगारेटीशी करताय. हवेशी करा. वर ही चोरटी, आत काय भरलंय कुठं लिहिलंय? निकोटिन तर आहेच, म्हणून दिवसभर सुटत नाही. आधी किती वर्षं सिगारेट ओढलीत?"

उत्तर अक्कानं दिलं. "लगीन झालं तवापासून. त्याच्या आधीचं मला ठाव न्हाई."

"मग हा दमा नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर..." त्या थांबल्या. मग एवढंच म्हणाल्या की सिगारेटींनी जेवढी फुप्फुसं खाल्ली ती परत येणार नाहीत, आणि राहिलेली राखायची तर सिगारेट नको, नळीही नको, दोन्ही बंद.

नांदेडपर्यंत एसटीत अप्पा उजवा तळहात उताणा करून त्याच्याकडं बघत होते. त्याच हातानं ते जावयाला नळी पुसून द्यायचे.

आता दाजी सुधारला असेल, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं होतं. नळी त्यानं सोडली. शरमेनं सोडली, नाल्यात फेकली. आणि महिन्याभरात सिगारेट धरली. मी भांडायला उदगीरला गेलो, तर पोत्यावर बसून शांतपणे म्हणाला, "ती नळी कुणासाठी व्हती? अप्पांसाठी. त्येंना वास येऊ नये म्हणून. आता त्येंना कळलंच. मग कशाला लपवायचं?"

एवढ्या वर्षांत त्याला जिनं थोडंफार आवरलं होतं, ती लाजच त्या टेबलावर संपली होती.

परवा दोघं नांदेडला आले होते. दाजी बैठकीत, दार लोटलेलं, फटीतून धुराचा वास. अप्पा महादेवाच्या देवळातून परतले. दाराशी थांबले, चौकटीला हात टेकला, आणि माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या घरात शिरण्याआधी, खाकरले.

आत खुर्ची सरकली. खिडकी उघडली. आणि खोकला सुरू झाला, तो थांबेना.

अक्का पदराला हात पुसत बाहेर आली. "अप्पा, उभं का राहिलाव? जावा की आत."

"थांब," अप्पा म्हणाले. "त्येंचं होऊ दे."