तिला न कळलेली हाक

एकोणीस वर्षं बसस्थानकावर गाड्या पुकारून पुकारून तिचं खरं नाव लोक विसरूनच गेले होते. सगळ्यांची ती माईककाकू. घरीही ती इतकं ठणकावून बोलायची की नवरा म्हणायचा, “अगं, हळू. शेजारचे उठून बस पकडायला धावतील!”

सीमेपलीकडे लढाई पेटली आणि तिच्या काचेच्या केबिनसमोर बायका आणि पोरंच उतरू लागली. त्यांची भाषा इथे फारशी कुणाला येत नव्हती. खुणा आणि मोबाइलवर निभावत होतं. दोन दिवसांत फाटकाशी खासगी गाड्या लागल्या. ‘फुकट सोडतो’, ‘खोली देतो’ अशा त्यांच्या भाषेतल्या पाट्या. बरेच जण मनापासून आलेले. पण एक जण खिडकीशी येऊन म्हणाला, “काकू, जरा पुकारा ना. दोघींची सोय आहे. पण तरुण हव्यात, एकट्या. लेकुरवाळ्या नकोत.”

 काकूने त्याला हाकललं आणि फाटकावर वही ठेवली: कुणाला नेणार असाल तर नाव, गाडीचा नंबर लिहा, ओळखपत्र दाखवा.

स्थानकप्रमुख वैतागले. “अहो, लोक मदतीला येतात आणि तुम्ही त्यांची झडती घेता?”

“साहेब, भला माणूस नाव सांगायला कशाला कचरेल?”

वही राहिली. तिच्यापाशी बसायला मात्र माणूस मिळाला नाही.

एका सकाळी तापाने फणफणलेली एक आई आली, सोबत तेराएक वर्षांची लेक. दवाखान्याच्या गाडीत जागा एकीचीच. आईने लेकीला केबिनसमोरच्या बाकावर बसवलं, काकूकडे बोट केलं आणि हात जोडले. काकूने मान डोलावली. तो शब्दच दिला म्हणायचा.

तासाभराने तीन गाड्या एकदम लागल्या. काकू माईकवर अडकली. तेवढ्यात स्वयंसेवकांचं पिवळं जाकीट घातलेली एक पिकल्या केसांची बाई मुलीशेजारी बसली, तिच्याच भाषेत बोलू लागली. काकूला वाटलं, बरं झालं, पोरीला कुणीतरी आपलं भेटलं. मग दोघी उठल्या आणि मागच्या दाराकडे चालू लागल्या. तिथे वही नव्हती.

“ए बाळा, थांब! निळ्या कोटातली मुलगी, जाऊ नकोस तिच्याबरोबर!” घोषणा अर्धवट टाकून काकू माईकवर ओरडली.

अख्खं स्थानक वळून पाहू लागलं. हमाल, चहावाला, ड्रायव्हर. वळली नाही ती फक्त ती पोर. सकाळपासून कर्ण्यातून येणारा हा आवाज तिच्या लेखी नुसता गोंगाट होता.

काकू धापा टाकत मागे पोचली तेव्हा दोघींना घेऊन एक गाडी रस्त्याला लागली होती. नंबर तिने पाठ केला. संध्याकाळी हवालदार म्हणाला, “काकू, या नंबरची गाडी दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेलीय.”

त्याआधी, दुपारीच आई परतली होती. तिने बाकाकडे पाहिलं, मग काकूकडे.   आई प्रत्येक बाकाखाली वाकून पाहत गेली, जणू पोर लपून बसली असावी.

अकरा दिवस ती त्याच बाकावर होती. मग तिला दुसऱ्या गावच्या शिबिरात हलवलं. काकू दर आठवड्याला चौकीत जाते. “तपास चालू आहे,” एवढंच ऐकून येते.

तिकडून आलेल्या एका शिक्षिकेकडून काकूने चार वाक्यं शिकून घेतली. ती आपल्या लिपीत लिहून काचेवर चिकटवली. दर पंधरा मिनिटांनी ती पुकारते: अनोळखी माणसाबरोबर जाऊ नका. काचेच्या खोलीकडे या.

परवा ते ऐकून एक तरुण बाई दोन पोरांना घेऊन खरंच आली. तिने मोबाइल पुढे धरला. पडद्यावर उमटलं, ‘नाही जात. मग कुठे जाऊ?’

शिबिर भरलेलं, शाळेचे वर्ग भरलेले. काकूने तिला स्वतःची खुर्ची दिली आणि एकेक नंबर फिरवायला घेतला. पोरं जमिनीवरच पेंगली. बाई काचेतून बाहेर उभ्या गाड्यांकडे पाहत होती. काकूने पुन्हा फोन लावला. पलीकडे नुसती रिंग वाजत होती.