मामाजींच्या दुकानातली झबली

शिवणाच्या मशीनखाली चिंध्या साठतात, तसे दुकानात किस्से साठतात. चिंध्यांच्या निदान गोधड्या होतात. किस्से नुसते पडून राहतात आणि चार बायका जमल्या की बाहेर सांडतात! आज जमलाच आहात, तर ऐका.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हा मी सून म्हणून मलकापुरात आले. माझ्या सासऱ्यांचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान होतं. मी त्यांना मामाजी म्हणायची, आणि बघता बघता सगळा बाजारच मामाजी म्हणायला लागला. मी मागे मशीनवर, मामाजी पुढे गादीवर. माणूस प्रेमळ, पण खोड एकच. गिऱ्हाइकाला काय हवंय ते नंतर, लेकराला काय बाधेल ते आधी!

*

झबलं विकण्याआधी मामाजी त्याचं बटन दातांत धरून ओढून बघत. म्हणत, "लेकरू तोंडातच घालते, तं आपुन आधी घालून पाहावं."

एकदा शाळेतले एक गुरुजी नातीसाठी झबलं घ्यायला आले. मामाजींचं ओढणं सुरू झालं. गुरुजी हसून म्हणाले, "मामाजी, झबलं विकता की खाता?"

मामाजींनी जोर लावला. टच्‌! दोरा तुटला. मामाजींचा घसा एकदा वर-खाली झाला आणि डोळ्यांत पाणी आलं. मी तांब्या घेऊन धावले. मामाजी घटाघटा पाणी प्याले, मिशा पुसल्या आणि झबलं मागे ठेवून दिलं.

"हे नका घेऊ गुरुजी. याचं बटन ढिलं हाय!"

*

मग नायलॉनची फॅशन आली. कचेरीतल्या एका कारकुनाची बायको दुकानात येऊन म्हणाली, "लेकीला दिवाळीला नायलॉनचाच फ्रॉक हवा."

"दिवाळीत नायलॉन? अवो बाई, एक ठिणगी पडली तं अंगाले चिकटते ते! सुती घ्या."

"सुती नको. चारचौघींत कसं दिसतं ते?"

"बरं, नायलॉन देतो. पण दिवाळी झाल्यावर घालजा."

"मग दिवाळीत काय घालू?"

"त्याच्यासाठी सुती घ्या!"

बाई दोन्ही फ्रॉक घेऊन गेल्या. आमचे हे खूश होऊन म्हणाले, "बाबा, तुमी तं पक्के व्यापारी निघाले!"

मामाजी खरंच गोंधळले. "काऊन? मी तं एकबी विकून नव्हतो राह्यलो!"

*

वरवट बकालचे एक आजोबा रांगत्या नातवाला घेऊन आले. नातवाच्या पायांत घुंगरांचे वाळे होते. मामाजींनी एक घुंगरू हलवून बघितलं, तर ते सैल.

"काढा हे. तोंडात गेलं तं घशात अटकन."

"काढलं तं पोट्टं कुठं गेलं हे कसं समजन? दारातच विहीर हाय माह्या!"

आता आली का पंचाईत! मामाजी चप्पल घालून बाजारात गेले आणि गिळता येणार नाही एवढी घंटी घेऊन आले. लेकराचा हात पोचणार नाही अशा बेताने ती मी अंगड्याच्या पाठीला पक्की शिवली. मामाजींनी बजावलं, "निजवताना अंगडं काढजा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी आजोबा परत आले. "मामाजी, घंटी कुठून आणली होती?"

"बैलांच्या साजाच्या दुकानातून. काऊन?"

"माह्या वासराच्या गळ्यातबी तीच हाय. पोट्टं रांगाले लागलं का गोठ्यात गाय हंबरते!"

मामाजी खजील झाले. "मंग काढून देऊ का?"

"कायले? माहा डोळा लागला तं गाय तरी जागी असते ना!"

*

माझ्या मुलाच्या बारशाला मामाजी आहेर तपासायला दारातच बसले. पिनेत अडकवलेला ताईत बाजूला, सैल मण्यांचं टोपडं बाजूला. पाहुण्यांची तोंडं वाकडी!

तेवढ्यात त्यांची थोरली बहीण देऊळगाव राजाहून आली. तिने पिशवीतून जुनी कुंची काढली. लांब लांब बंद, कडेला कवड्या, वर आरसे.

मामाजींनी सुरू केलं, "बाई, हे बंद गळ्याले आवळतात, कवडी निघते, आरसा फुटते..."

"तुह्यीच कुंची हाय ही. मायनं जपून ठेवली होती."

"पण बाई—"

"काऊन बे, तू मेला होता का याच्यात?"

बाळाला कुंची घातली. बारसं संपेपर्यंत मामाजी पाळण्याची दोरी धरून उभे होते आणि नजर कवड्यांवरून हलली नाही.

*

एकदा माझा भाऊ येणार होता, म्हणून मी आणि मामाजी स्टेशनवर गेलो होतो. शेजारी एक बाई गाठोडं सावरत उभी होती, आणि तिचं दोनेक वर्षांचं पोरगं तिच्या पदराशी. गाडी प्लॅटफॉर्मात शिरली. कुणाच्या तरी पिशवीतून एक लिंबू घरंगळलं आणि पोरगं त्याच्यामागे धावलं, थेट कडेला!

मी किंचाळले. मामाजींना पळताना मी आयुष्यात तेवढंच बघितलं. पोराचं एक पाऊल कडेच्या बाहेर गेलं होतं. त्याच्या चड्डीला गॅलिस होते, म्हणजे खांद्यांवरून जाणारे पट्टे. पाठीवर ते जिथे एकमेकांवरून जातात, तिथे मामाजींनी मूठ घातली. पोरगं पिशवीसारखं लोंबकळलं. पण ना पट्टा तुटला, ना बटन. त्यांनी त्याला मागे ओढलं आणि इंजिन समोरून धडधडत गेलं.

मामाजी पोराला मांडीवर घेऊन खालीच बसले. आई रडत होती. मामाजींची मूठ काही सुटेना. तशातच ते पट्ट्यांचे टाके निरखायला लागले.

"बाई, हे गॅलिस कोणं शिवले?"

"मीच. घरी."

"टाके लय पक्के हायत."

बाई डोळे पुसत म्हणाली, "मी आधी तुमच्याच दुकानात आल्ती मामाजी. तुमी म्हणले, गॅलिस कुठंबी अटकतात, लेकराच्या अंगाले नसावे, मी ते विकतच नाही. मंग घरीच शिवले."

मामाजींनी पोराकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"बरं केलं बाई," ते म्हणाले. "माह्यं ऐकलं नाही ते."