साडूंचा स्वयंचलित नगारा

यंत्रमानव पहिल्यांदा कुठे जन्मला, ग्रीसमध्ये, चीनमध्ये की आपल्याकडे, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. पण त्याचा सगळ्यांत जास्त ताप कुणाला झाला असेल तर तो नाशिकमधल्या आमच्या कॉलनीला, यावर कॉलनीचं पूर्ण एकमत आहे. याचं श्रेय आमच्या साडूंचं. माणूस बायको पसंत करून आणतो. साडू तिच्याबरोबर आपोआप येतो, कुकरबरोबर शिट्टी यावी तसा. माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमच्या समोरच्याच गल्लीत राहतात, त्यामुळे ही शिट्टी मी गेली सव्वीस वर्षं रोज ऐकतो आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी देखभाल विभागात उभी हयात काढली. आपण हात लावलेलं मशीन बंद राहिलं असं एकदाही झालं नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि दुर्दैवानं ते खरं आहे. निवृत्त झाले तेव्हा कंपनीनं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. नारळ फोडायच्या आधी त्यांनी घड्याळ उघडलं होतं.

कारखान्याच्या शेवटच्या वर्षांत तिथे वेल्डिंग करणारा एक यांत्रिक हात आला आणि साडूंचं डोकं फिरलं ते फिरलंच. माणसं निवृत्तीनंतर गुडघे, नातवंडं किंवा अध्यात्म यांपैकी एक धरतात. यांनी यंत्रमानवाचा इतिहास धरला. तो त्यांना मुखोद्गत आहे आणि ऐकवायला प्रसंग लागत नाही. एकदा गल्लीतल्याच एका वयस्कर गृहस्थांच्या दशक्रियेला आम्ही गोदाकाठी बसलो होतो. पिंडाला कावळा शिवेना. घरचे लोक हात जोडून मयताला एकेक वचन देत होते, धाकटीचं लग्न करू, गावचं घर विकणार नाही, आणि साडू माझ्या कानात कुजबुजले. आयुष्य मशीनच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांची कुजबूज पलीकडच्या काठाला ऐकू जाते. "फ्रान्समध्ये एका कारागिरानं तांब्याचं बदक केलं होतं. दाणे खायचं, पंख फडफडवायचं आणि खाल्ल्यावर पुढे जे व्हायचं तेही करायचं. त्यापुढे कावळा म्हणजे किरकोळ काम. असा एक इथे बसवला तर लोक अकराच्या आत घरी." मयताच्या थोरल्या मुलानं मान वळवून आमच्याकडे असं पाहिलं की मी नदीकडे बघू लागलो. त्याच क्षणी कावळा शिवला. धसक्यानंच शिवला असणार.

घरात तर त्यांनी ताईंना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, विज्ञानाच्या हवाली केलं आहे. ग्रीसच्या देवळात पुजाऱ्यांनी वेदीवर अग्नी पेटवला की दारं आपोआप उघडायची, ही त्यांची अत्यंत आवडती कथा. आपल्याही दारानं तसं वागावं म्हणून त्यांनी पायपुसण्याखाली एक फळी बसवली. वजन पडलं की दार उघडायचं. फळीचा अंदाज त्यांनी स्वतःच्या देहावरून बांधला होता आणि ताई त्यांच्या निम्म्या. पुढे महिनाभर ताई घराबाहेर ताटकळत. "बटाटे घेऊन आले की उघडतं, मेथी घेऊन आले की नाही उघडत," त्या माझ्या बायकोला सांगत होत्या. त्यानंतर दूध वर आलं की वाजणारा भोंगा झाला. तो वाजल्यावर शेजारच्या दोन बिल्डिंगा रिकाम्या होत. ताई म्हणाल्या, "अहो, दूध उतू गेलं तर ओटा पुसता येतो. छातीत धडधडतं ते कशानं पुसू?" यावर साडूंनी, सुरुवातीच्या वाफेच्या इंजिनांनाही लोक असेच घाबरायचे, असं उत्तर दिलं. ताईंनी आवाजाचं उत्तर आवाजानं द्यायचं ठरवलं आणि साडू इतिहास सुरू करायला लागले की मिक्सर लावायचा नियम केला. आम्ही नातेवाईक ऐनवेळी चपला शोधायचो. एकूण काय, साडूंचं ऐकून घेणारं माणूस घरात आणि गणगोतात उरलं नव्हतं.

उरली होती ती सात वाजताची आरती. कॉलनीच्या मैदानाच्या कोपऱ्यात मारुतीचं छोटं देऊळ आहे. संध्याकाळी आठ-दहा डोकी जमतात, त्यातली खऱ्या कामाची दोन. घंटेवर अण्णा. अण्णा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, जन्म मनमाडच्या गाडीवर गेला. त्यामुळे ते घंटासुद्धा दोन टोले, थांबा, दोन टोले, अशीच देत; अनोळखी माणसाला देऊळ आता सुटतंय असं वाटावं. झांजेवर मखमलाबादची हिराबाई. ती फुलांची पाटी घेऊन दारोदार फिरते आणि सातला देवळात पाटी टेकवते. आणि खडीसाखरेची वाटी साडूंकडे. ही वाटी त्यांनी मोठ्या चतुराईनं स्वतःकडे घेतली होती. प्रसादासाठी हात पुढे केलेला माणूस पळू शकत नाही, हा त्यांचा यंत्रशास्त्राबाहेरचा एकमेव शोध. सोमवारी नाणं टाकलं की तीर्थ देणारं ग्रीक यंत्र, मंगळवारी भोजराजाच्या काळची दिव्यात तेल घालणारी लाकडी बाहुली, बुधवारी चहा घेऊन येणारी जपानी बाहुली, असं ते एकेक प्रकरण सांगत आणि मग तळहातावर साखरेचा खडा पडे. एकदा त्यांनी, रोबोट हा शब्द युरोपातल्या एका भाषेत वेठबिगारीसाठी असलेल्या शब्दावरून आला, असं सांगितलं. हिराबाई हात पुढे करून उभी होती. म्हणाली, "म्हंजी फुकटात राबनारं मानूस?" साडू म्हणाले, "अगदी बरोबर." "मंग त्यात नवं काय केलं त्यांनी? आमच्यात लय हायेत." त्या दिवशी आम्हाला प्रसाद लवकर मिळाला.

आपल्याला ऐकणारी माणसं दिवसातून एवढी दहाच मिनिटं मिळतात, हे साडूंना समजत असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण त्यांना टोचत होतं ते वेगळंच. अण्णांची घंटा एसटीच्या तालात, हिराबाईची झांज तिच्या दमलेल्या हातांच्या तालात आणि बाकीच्यांची आरती घरी जायच्या घाईत. "ही आरती आहे की तीन गाड्यांची टक्कर?" ते वैतागून म्हणत. शेवटी त्यांनी मनावर घेतलं. आरतीची यंत्रं बाजारात तयार मिळतात, पण तयार आणतील तर ते साडू कसले! अडीच महिने गच्चीवर ठोकाठोक करून त्यांनी लोखंडी चौकटीत नगारा बसवला, बाजूला दोन झांजा, वर घंटा, मागे मोटार आणि पट्टा. घंटा वेगळी कशाला घ्यायची म्हणून देवळातलीच काढून त्यात टांगली. उद्घाटनाच्या दिवशी देऊळ भरलं होतं. "ग्रीसच्या देवळात सुरू झालेली गोष्ट आज आपल्या कॉलनीत पूर्ण होते आहे," असं म्हणून साडूंनी बटण दाबलं. द्रोणागिरी उचलताना मारुतीला ऐकू आला नसेल एवढा आवाज झाला. ताल मात्र चोख होता, तिथे बोट ठेवायला जागा नव्हती. आरतीचे शब्द कुणालाच ऐकू येत नव्हते, तेव्हा ते म्हणायचीही गरज उरली नाही. सगळे फोन वर धरून शूटिंग करत होते. अण्णा सवयीनं घंटेच्या जागी जाऊन उभे राहिले होते. वर नुसता हूक होता. आवाज थांबल्यावर ते म्हणाले, "साहेब, मग मी काय करायचं?"

साडूंचा चेहरा आनंदानं फुलून आला होता. "काही करायचं नाही, अण्णा! तोच तर फायदा आहे."

अण्णांनी हात आधी खिशात घातले, मग मागे बांधले, मग पुन्हा पुढे घेतले. दुसऱ्या दिवशी ते आले, तिसऱ्या दिवशी आले नाहीत. हिराबाईनं झांज पाटीत फुलांखाली ठेवली. "आता ह्येच वाजिवतंय तर मी कशाला थांबू? दोन गिऱ्हाइकं तरी व्हतील," म्हणाली आणि गेली. बाकीच्यांनी सोयीस्कर युक्तिवाद शोधला: आवाज घरबसल्या ऐकू येतो, तिथूनच हात जोडले की झालं. हा युक्तिवाद काढणारा पहिला माणूस मी होतो, हे इथे कबूल करतो. सात वाजता नगारा वाजला की मी सोफ्यावरून हात जोडायचो आणि बायको बातम्यांचा आवाज वाढवायची. पंधरा दिवसांत देवळातली आरती पूर्णपणे स्वयंचलित झाली. साडूंनी यंत्रमानवाचा जो इतिहास आम्हाला वर्षभर सांगितला होता त्याचं शेवटचं प्रकरण त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, फक्त ते ऐकायला माणूस ठेवला नव्हता.

एके दिवशी आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळू लागला म्हणून पाना मागायला मी साडूंकडे गेलो. ताई म्हणाल्या, "देवळात असतील." साडेसात होत आले होते, आरती केव्हाच संपली होती. देवळात साडू एकटे, हातात खडीसाखरेची वाटी घेऊन दाराकडे तोंड करून उभे होते. वाटी काठोकाठ भरलेली होती. मला बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला संकोच वाटला. "या, या! तुम्हाला तो अरबस्तानातला मोर सांगितलाय का? हात धुवायला पाणी देणारा?" सांगितला होता, तीनदा. मी म्हणालो, "उद्या ऐकतो, आज नळ गळतोय." साडू म्हणाले, "हो, नळ महत्त्वाचा." खिशातून किल्ली काढून दिली, हत्यारांची पेटी कुठे आहे ते सांगितलं आणि माझ्या हातावर साखर ठेवली, दोन खडे जास्तच. दुसऱ्या दिवशी काही मी गेलो नाही.

पुढच्या आठवड्यात एक दिवस सातला नगारा वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मला राहवेना, म्हणून देवळाकडे निघालो, तर साडू वाटेतच भेटले. "बंद पडलंय," एवढंच बोलले आणि, "चला जरा, अण्णांकडे जाऊन येऊ," म्हणाले. अण्णा ओट्यावर ट्रान्झिस्टर कानाला लावून बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी तो बंद केला, पण बसा म्हणाले नाहीत.

"मशीन बंद पडलंय," साडू म्हणाले. "घंटा काढून परत जुन्या जागी टांगलीय. वाजवायला माणूस नाही."

"मग दुरुस्त करा की, साहेब. तुमच्या हाताला काय अवघड? सगळ्या अंबडची मशिनं चालवलीत तुम्ही."

साडू पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरू लागले. "खोलून बघितलं. पुन्हा पुन्हा बघितलं. नाही जमत मला," ते म्हणाले.

सव्वीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. ताईंनी ऐकलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं. अण्णांनीही त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग उठले, खुंटीवरची टोपी घेतली, चपलेत पाय सरकवले आणि म्हणाले, "चला, उशीर होतोय. सातची आहे ना?"

त्या दिवशी घंटेचे दोन टोले, थांबा, दोन टोले ऐकून लोक खिडकीत आले आणि मागाहून खालीही आले. हिराबाई आठवड्याभरात आपली आपण परतली. "लय बरं झालं बंद पडलं त्ये," म्हणाली, "माझ्या फुलांला पन धडकी भरायची." मी पाना परत करायला गेलो तेव्हा साडू आंघोळीला गेले होते. हत्यारांच्या पेटीत पाना ठेवताना एक गुंडाळी हाताला लागली. कागदात नीट बांधलेला रबरी पट्टा, आणि कागदावर साडूंच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: नगारा. उत्तम स्थितीत. मागे पावलांचा आवाज आला. साडू पंचा गुंडाळून उभे होते. माझ्या हातातली गुंडाळी त्यांनी पाहिली आणि मीही त्यांच्याकडे पाहिलं.

"हा पट्टा हल्ली कंपन्यांनी बनवायचं बंद केलंय," ते म्हणाले.

"हो, ऐकलं मी तसं," मी म्हणालो आणि गुंडाळी होती तिथे ठेवली.

आता मी रोज सातला जातो. अरबस्तानातला मोर मला पाठ झाला आहे. चौकट देवळामागे पत्र्याखाली पडून असते आणि कॉलनीला एक नवीन करमणूक मिळाली आहे. सोसायटीचे चेअरमन तर प्रसाद घेताना एक दिवसही चुकवत नाहीत. "काय साहेब, एवढे मोठे इंजिनियर तुम्ही, साध्या नगाऱ्यानं हरवलं तुम्हाला?" म्हणतात, आणि सगळे हसतात, अण्णासुद्धा हसतात. साडू मान खाली घालतात आणि वाटीतला खडा चेअरमनच्या हातावर ठेवतात. या माणसाची मी आयुष्यभर थट्टा केली, पण ही थट्टा मला सोसत नाही. ओरडून सांगावंसं वाटतं की अहो, याला सगळं जमतं, तो पट्टा चढवायला याला दोन मिनिटं पुरतील. पण ते सांगितलं तर मशीन सुरू करावं लागेल, म्हणून मी गप्प बसतो आणि हात पुढे करतो.