शेवटच्या तीन फेऱ्या

आम्ही त्यांना चलाकाका म्हणायचो. तोंडावर नाही, पाठीमागे. स्टुटगार्टात वीस-बावीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीचा शेवट पाहिला नव्हता. लग्न असो, नाटक असो, कोणाचा वाढदिवस असो, जरा रंग भरू लागला की काका गुडघ्यावर थाप मारणार, "चला!" म्हणणार आणि उठणार. कारण ठरलेलं. "गर्दी व्हायच्या आत निघावं माणसानं."

गणपतीत तर कहर. भाड्याच्या हॉलमध्ये आमची आरती चाललेली असायची, आणि मंत्रपुष्पांजलीसाठी हातात फुलं घ्यावीत तोवर हे दाराशी बूट घालून, प्रसादाचा डबा भरून तयार. काकू बिचाऱ्या मूर्तीकडे बघत बघत उलट्या पावली दारापर्यंत जायच्या. देवालाही या माणसानं कधी पुरता नमस्कार केला असेल असं मला वाटत नाही.

आता असल्या माणसानं मोटारींच्या शर्यतींचा शौक करावा, याला काय म्हणायचं? गाड्यांचे दिवे बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, त्यामुळे शर्यतीतलं सगळं आपल्यालाच कळतं हा पक्का समज. नव्यानं आलेल्या मराठी इंजिनिअरांना टुरिंग कारच्या राष्ट्रीय स्पर्धेला घेऊन जाणं हे त्यांनी स्वतःच अंगावर घेतलेलं समाजकार्य होतं. वाटेत व्याख्यान. "ओव्हरटेक करायला छाती लागते, छाती!" हे सांगताना स्वतः ऑटोबानवर ट्रकच्या मागे ऐंशीनं. सहलीच्या बसगाड्यासुद्धा आम्हाला मागे टाकून जायच्या आणि त्यातली म्हातारी मंडळी आम्हाला हात करायची. आम्ही मागच्या सीटवर "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", करत माना डोलवायचो, कारण आमच्यापैकी कोणाकडेच गाडी नव्हती.

त्या रविवारी मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. मी तेव्हा एका छोट्या डिझाइन ऑफिसात होतो. एका खासगी, कडक्या टीमच्या निळ्या गाडीसाठी ब्रेकना गार हवा पोचवणारी नळी मी आखली होती. हिवाळाभर तिच्यावर डोकं फोडलं होतं. ऑफिसातला जो तो म्हणत होता, ही पहिल्या शर्यतीतच उखडून पडेल. ती गाडी शेवटची रेघ ओलांडताना मला माझ्या डोळ्यांनी बघायची होती. बस, एवढंच.

तीन फेऱ्या राहिल्या तेव्हा निळी गाडी चौथी होती. गुडघ्यावर थाप पडली. "चला!"

"काका, माझी गाडी आहे ती."

"चौथी आहे. चौथ्याला कोण विचारतं?"

"अहो, पोराचं काम आहे त्यात," काकू म्हणाल्या. "थांबू या की जरा."

"तुला पार्किंगमधलं काही कळतं का? दोन दोन तास बाहेर पडता येत नाही. आणि शेवट काय बघायचा? तो उद्या पेपरात येतोच."

मी उठलो. जर्मनीत नवा होतो, वडीलधाऱ्यांना नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती आणि परतायची सोय त्यांच्याच गाडीत होती.

आम्ही पार्किंगमध्ये पोचलो आणि मागे एकच कल्लोळ उठला. लाउडस्पीकरवरचा माणूस किंचाळत होता, पण एक शब्द कळेल तर शपथ. काकांनी शांतपणे गाडी रस्त्यावर घेतली आणि रेडिओवर श्टाऊच्या बातम्या लावल्या. कुठे कुठे वाहतूक तुंबली आहे ते सांगून झाल्यावर निवेदिकेनं खेळाच्या बातम्या दिल्या. शेवटच्या फेरीत पहिल्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या, तिसरीचे ब्रेक तापून निकामी झाले होते, आणि निळी गाडी पहिली आली होती.

काकू मान वळवून माझ्याकडे बघत राहिल्या. काका म्हणाले, "बघ, रस्ता कसा मोकळा मिळाला!"

सोमवारी साहेबानं माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "तू तर तिथेच होतास! काय वाटलं रे तुला?" मी जर्मनमध्ये "या, या", म्हणजे "हो, हो", करत हसलो. दुसरं काय करणार? पुढच्या मोसमात टीमला पैसे देणारं कोणी मिळालं नाही आणि तिनं गाशा गुंडाळला. निळी गाडी पुन्हा कधी धावली नाही. काकांना मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या आहेत, त्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत.

काही वर्षांनी काका निवृत्त होऊन पुण्याला कायमचे निघाले. मराठी मंडळानं निरोप समारंभ ठेवला. आभाराचं भाषण सुरू व्हायचं होतं, तेवढ्यात सत्कारमूर्तीच शाल सावरत उठले. "चला! नंतर एस-बानच्या लोकलला गर्दी होते." मी दाराशीच उभा होतो. त्यांनी पिशवीतून एक व्हिडिओ कॅसेट काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"तुझी ती शर्यत. शेवट बघायला मिळाला नाही म्हणून तू माझ्यावर डूख धरलास, ते काय मला कळत नाही? त्या दिवशी घरी टायमर लावून गेलो होतो मी. सामान आवरताना सापडली. घे."

मला गहिवरून आलं. खोटं कशाला बोलू, मी त्यांना वाकून नमस्कार केला. तो नमस्कार मला परत घेता आला तर मी आज घेईन.

शेजाऱ्याकडून व्हीसीआर मागून आणला. नुकतंच लग्न झालं होतं. बायकोला सोफ्यावर बसवलं, चहा केला, नळी गाडीत नेमकी कुठे बसते ते कागदावर काढून दाखवलं. शर्यत सुरू झाली. निळी गाडी दिसली की आम्ही दोघं ओरडायचो. मध्ये अपघात झाल्यामुळे सगळ्या गाड्या बराच वेळ संथ चालवल्या होत्या, ते मी विसरूनच गेलो होतो. काका मात्र टायमर कार्यक्रमपत्रिकेतली वेळ बघून लावून गेले होते. तीन फेऱ्या राहिल्या. निळी गाडी चौथी. मी सोफ्याच्या कडेवर आलो, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या.

मी कॅसेट पुढे पळवली. मुंग्या. मागे नेली, पुन्हा लावली. तीन फेऱ्या, चौथी गाडी, मुंग्या. एवढी वर्षं कॅसेट घरात पडून होती, पण या गृहस्थांनी तीही कधी शेवटपर्यंत बघितली नव्हती.

बायको माझ्याकडे बघत होती. "अहो, मग जिंकलं कोण?"

"आम्ही," मी म्हणालो.

तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.