बाबालाल मुलाण्याची डोण

आमच्या बाबालाल मुलाण्यागत येडा माणूस म्हसवडच्या अख्ख्या माळावर गावायचा न्हाई. मी चंद्राबाई, त्याची बांधाची शेजारीण. तोंडावर सांगत आले त्याला.

त्याच्या बानं विहिरीजवळ पाणी भरून ठेवायची दगडी डोण बसवली ती मुक्या जनावरांसाठी. कुणाचीबी म्हस येऊ दे, धनगराची मेंढरं येऊ देत, डोण भरलेली असायची. बाबालाल सोता मातुर नमाजाआधी हातपाय धुवायचा ते एका तांब्यात. "वाहत्या नदीकाठी बसलं तरी पाणी नासायचं न्हाई, असं आमच्या पैगंबरांनी सांगितलंय," म्हणायचा.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात पलीकडच्या शेतातल्या हंबीररावाची डाळिंबाची बाग सुकाय लागली. जमिनीतलं पाणी हुडकणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला तो नेमका बाबालालच्या विहिरीला खेटून. हंबीरराव बोर मारायला जागा मागाया आला. मी बाबालालला म्हटलं, "भाऊ, नको म्हणा. विहीर आटंल, जनावरांनी जायचं कुठं?"

"कसं नको म्हणू, वैनी? पाणी, गवत आन् इस्तू, ह्यात समद्यांचा वाटा हाय. आमच्या धर्मात तसंच हाय. अल्लानं माणसाला राखणदार केलंय, मालक न्हाई."

"मग राखा की. राखणदार कुणालाबी दार उघडून देतो व्हय?"

तो उठून हंबीररावासंगं विहिरीकडं गेला. आन् जागा दिली. माझं डोस्कं असं फिरलं, चार दिवस त्याच्याशी बोलले न्हाई.

बोरला पाणी लागलं, बाग तगली, आन् पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसला. त्याच्या पुढच्याला बोरचंबी पाणी संपलं, डाळिंबं वाळली, हंबीरराव दुसरीकडं बोर मारत सुटला. बाबालाल नमाजाआधी कोरड्या मातीवर हात टेकून तोंडावरनं, हातावरनं फिरवायचा. पाणी नसलं की त्यांच्यात तशी मुभा असती. बघून मला लय राग यायचा, आन् रडूबी यायचं.

एका सकाळी माझ्याकडं पहार मागाया आला. "डोण फोडतो, वैनी. लांबनं दिसली की जनावरं पाण्याच्या आशेनं पळत येत्यात. लबाडी केल्यागत वाटतंय."

मी पहार दिली. बानं बसवलेली डोण त्यानं फोडली. मधीच थांबून म्हणाला, "समद्यांचा वाटा म्हणलो, पर त्यात ह्या मुक्या जनावरास्नी धरलंच न्हाई मी."

दुपारी मेंढरं आलीच. फुटक्या दगडांना तोंड लावत उभी राहिली, आन् धनगर त्यास्नी हाकलून हाकलून दमला.